वरच्या कुरणातला दगड

ईस्ट हार्लो, व्हरमाँट
२४ जानेवारी १९१९

मर्टन,

माझी तार मिळाली असेल. तारेत फारसं काही लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुझे वडील सोमवारी पहाटे राजधानीत वारले, मिसेस प्रुइटच्या खाणावळीत, नेहमीच्याच खोलीत. फ्लूची साथ ओसरली असं सगळे म्हणत होते. त्यांना सर्दी झालेली असताना मी जाऊ नकोस, अधिवेशन तुझ्यावाचून अडणार नाही, असं सांगितलं होतं. "माझं विधेयक अडेल, लुसी," एवढंच म्हणून ऑरिन स्लेजमध्ये चढला. (मी त्याला समोर कधी अहो-जाहो केलं नाही. धाकटा होता. इथे तुझे वडील म्हणून लिहायला लागले तर माझ्याच हातून ते भलत्याच कुणाबद्दलचं पत्र होईल. तेव्हा ऑरिनच लिहिते.)

तीन प्रतिनिधी गाडीतून त्याच्याबरोबर आले. सभागृहातल्या त्याच्या मेजावर काळं कापड घातलंय, असं त्यांनी सांगितलं. चर्च भरलं होतं. मग कबरी खणणाऱ्या अल्फियसने त्याला दफनभूमीजवळच्या दगडी कोठडीत नेऊन ठेवलं. यंदा जमीन फार खोलवर गोठली आहे. मे महिन्याच्या आत खड्डा खणता येणार नाही, असं अल्फियस म्हणतो.

म्हणजे अजून त्याला पुरलेलं नाही. हे मी तुला का कळवते आहे ते तुला समजेल. इंडियाना लांब आहे आणि तिथल्या दगड कोरायच्या शेडमधून सुट्टी मिळवणं कठीण, हे मला माहीत आहे. पण मे महिनाही अजून लांब आहे.

एल्सपेथला आणि तुमच्या मुलीला आशीर्वाद.

तुझी आत्या,
लुसिंडा टटल


९ फेब्रुवारी १९१९

मर्टन,

तुझं उत्तर आलं नाही. बर्फामुळे टपाल उशिरा येतं आहे, तसंच काही असेल.

मिसेस प्रुइटने ऑरिनची ट्रंक पाठवली. स्वतः बरोबर आली, म्हणून तिला जेवायला ठेवून घ्यावं लागलं. बाई बोलघेवडी आहे. म्हणाली, "तुमच्या भावासारखा भाडेकरू मिळायचा नाही, मिस टटल. अकरा जण टेबलाला बसायचे, दहा जण राज्य चालवायचे, आणि हे आपले मला विचारायचे, बीन्समध्ये मेपलचा पाक जरा कमी पडलाय का?"

"पडला होता?" मी विचारलं.

"पडला होता ना! पण ते सांगायची ही काय रीत?"

ट्रंकेत ती उंच काळी रेशमी टोपी आहे, मयतीला घालतात तसली. पहिल्यांदा निवडून आला तेव्हा घेतली, एकदा घातली, आणि कुणीतरी "मयत कुठे आहे?" असं विचारल्यावर परत कधी डोक्याला लावली नाही. टाकूनही दिली नाही. मी ती जाळणार होते. मग ठेवून दिली. मग परत काढली. सध्या ती जिन्याच्या पायरीवर आहे आणि येताजाता माझा पाय तिला लागतो.

दुकानात लोक त्याच्याबद्दल बोलतात ते ऐकते. कुणाला मेंढ्या मारणाऱ्या कुत्र्यांचा कायदा आठवतो, कुणाला खालच्या ओढ्यावरचा पूल. गावपंच असताना तो गरिबांची लाकडं स्वतःच्या स्लेजमधून पोचवायचा, अंधार पडल्यावर, म्हणजे कुणाला लाज वाटू नये. पाच वेळा निवडून आला, आणि सगळी मिळून भाषणं केली असतील एखाद्या रविवारच्या प्रवचनाएवढी. सभापतींनी एकदा थट्टेने म्हटलं होतं म्हणे, "ईस्ट हार्लोचे सन्माननीय सदस्य उभे राहिले आहेत. खिडकी उघडायची आहे का?" ऑरिन म्हणाला, "हो," आणि जाऊन खिडकी उघडून आला.

धुळीच्या विधेयकाबद्दल मात्र दुकानात माझ्यासमोर कुणी बोलत नाही. मी आत गेले की विषय बदलतो.

तुला माहीत नसेल म्हणून लिहिते. तू गेल्यानंतर त्याने ते विधेयक पुन्हा मांडलं. दोन वर्षांनी पुन्हा. आणि आता मरायच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा. शेडमध्ये दगडाची धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवलीच पाहिजेत, हेच, तेच शब्द. आधीच्या दोन्ही वेळा ते समितीत गेलं आणि तिथेच राहिलं.

चूल विझत आली आहे. उठते.

आत्या


५ मार्च १९१९

मर्टन,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, तरी मी पुष्कळदा वाचल्या. येणार नाहीस. "एल्सपेथच्या वडिलांना खोकताना पाहूनही जे खुर्चीत बसून राहिले, त्यांना खांदा द्यायला मी येऊ शकत नाही." बरं.

मी तुझ्याशी वाद घालणार नाही. पण तो दिवस तुला जसा आठवतो तसा मलाही आठवतो, कारण त्या सज्जात मी तुमच्या मागच्याच बाकावर होते. खाली सभागृहात नावं पुकारत होते. सगळा सज्जा किल्बर्नच्या दगडकाम करणाऱ्यांनी भरलेला होता. एल्सपेथचे वडील मिस्टर गिलख्रिस्ट तोंडावर रुमाल धरून बसले होते आणि त्यांना खोकला आला की एल्सपेथ त्यांच्या पाठीवर हात ठेवायची. हवेच्या दाबाची, धूळ उडवणारी छिन्नी शेडमध्ये आल्यापासून चाळिशी ओलांडलेला एक तरी दगड कोरणारा धड श्वास घेतो का, असं तू मला गाडीत विचारलं होतंस.

ऑरिनचं नाव आलं. तो उभा राहिला. म्हणाला, "किल्बर्नच्या प्रतिनिधींशी माझी जोडी आहे. ते इथे असते तर त्यांनी नाही म्हटलं असतं आणि मी हो म्हटलं असतं. मी मत देत नाही." आणि बसला.

जोडी म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मागाहून कळलं. विरुद्ध बाजूच्या दोघांनी आपसात ठरवायचं, की एकाला काही अडचणीने गैरहजर राहावं लागलं तर दुसऱ्यानेही मत द्यायचं नाही. कुठे लिहिलेलं नसतं. नुसता शब्द असतो. किल्बर्नचा तो प्रतिनिधी, शेडचा मालक बॅबकॉक, त्याच्या मुलीला न्यूमोनिया झाला म्हणून तो सभागृह सोडून घरी गेला होता, आणि जाताना ऑरिनने त्याला शब्द दिला होता. मतदान पुढच्या आठवड्यात होईल असं दोघांनाही वाटलं होतं. ते अलीकडे ओढलं गेलं.

ऑरिनच्याच बाजूचा एक जण खालून ओरडला, "अरे, घरी पोर आजारी आहे म्हणून गेलाय तो! त्याला काय कळतंय? हो म्हण, ऑरिन!" वरून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा विकला गेला." ऑरिनने मान वर केली नाही. मतं समसमान पडली. समसमान म्हणजे विधेयक पडलं.

त्या रात्री स्वयंपाकघरात तू त्याला म्हणालास, "घरी बसलेल्या माणसाला दिलेला शब्द तुम्हाला दिसला, बाबा. वर बसलेली माणसं नाही दिसली?"

"दिसली," तो म्हणाला.

"मग?"

"शब्द दिला होता."

तू हत्यारांची गुंडाळी उचललीस आणि निघालास. गिलख्रिस्ट त्या वर्षीच गेले. हे सगळं खरं आहे, आणि मी त्यातलं काही पुसून काढायला बघत नाही.

काल गावसभा झाली. ऑरिनच्या जागी कुणाला पाठवायचं ते ठरायला वेळ आहे म्हणाले. धुळीचं विधेयक मात्र गेल्या आठवड्यात मतदानाला आलं आणि पडलं. एका मताने नाही. पुष्कळ मतांनी. वर्तमानपत्रात दोन ओळी होत्या.

दोन दिवस झाले, मी सारखी उठते, खिडकीपाशी जाते, परत येऊन बसते. तिथून ती दगडी कोठडी दिसत नाही, हे मला माहीत आहे.

आत्या


६ एप्रिल १९१९

मर्टन,

हे पत्र टाकावं की नाही, मी अजून ठरवलेलं नाही. आधी लिहून काढते.

गुरुवारी बॅबकॉक आला. चिखल इतका आहे की त्याची मोटार पुलापाशीच रुतली, आणि तो पुढे चालत आला. गुडघ्यापर्यंत बरबटलेला. मी त्याला दारातच उभं ठेवणार होते, पण त्या अवतारात माणसाला बाहेर ठेवता येत नाही.

त्याने काखेतून एक चित्र काढलं आणि टेबलावर पसरलं. ऑरिनच्या थडग्यासाठी दगड. पॉलिश केलेला, वर ओकच्या पानांची नक्षी. सभागृहातल्या सगळ्यांनी मिळून द्यायचा, आणि कोरायचा बॅबकॉकच्या शेडमध्ये. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "दिलेला शब्द पाळणारा".

"हे शब्द कुणी सुचवले?" मी विचारलं.

"मी. सगळ्यांना पसंत पडले. तुमची संमती हवी."

"सुंदर आहे चित्र."

"मग?"

"मग काही नाही. चहा घ्या."

त्याने चहा घेतला. चिखल वाळून त्याच्या पायाशी पडत होता आणि तो त्याकडे बघत बसला होता. मग एकदम म्हणाला, "मुलीचा ताप मंगळवारीच उतरला होता, मिस टटल."

मला कळायला वेळ लागला. "कुठला मंगळवार?"

"मतदान गुरुवारी झालं ना? बुधवारी ती अंथरुणात बसून बाहुल्यांना दम देत होती. गुरुवारची सकाळची गाडी मला सहज मिळाली असती."

"मग का नाही आलात?"

"आलो असतो तर जोडी सुटली असती. त्याने हो म्हटलं असतं, मी नाही. मतं तीच पडली असती म्हणा. पण त्या सकाळी माझ्याच बाजूचे दोघे डळमळत होते, ते मला तारेने कळलं होतं. ते फुटून ऑरिनकडे गेले तर मी येऊनही उपयोग नव्हता. ऑरिन गप्प बसला तर मात्र ते बिचकतील, असा माझा हिशेब. ज्याचं विधेयक तोच मत देत नाही म्हटल्यावर कोण पुढे होणार? दोघांपैकी एक बिचकला. तेवढं पुरलं."

"ऑरिनने जोडी मोडली असती तर?"

"ऑरिनने?" तो हसला, पण ते हसू वेडंवाकडं होतं. "दुसऱ्या कुणाशी जोडी असती तर मी गाडीत उभा राहून आलो असतो. तुमचा भाऊ होता म्हणून निवांत घरी राहिलो. शेडच्या अंगणात गाडीवर दगड चढवून घेत होतो."

मी कप उचलले आणि धुवायला गेले. पाठ त्याच्याकडे होती तेव्हा विचारलं, "त्याला कळलं का कधी?"

"दोन वर्षांनी. प्रुइटबाईंकडे जेवत होतो. वाटाण्याचं भांडं माझ्यापुढे करत म्हणाला, 'बॅबकॉक, त्या गुरुवारी तू जो दगडाचा देवदूत गाडीवर चढवत होतास, त्याचा पंख तुटला म्हणे?' मी म्हटलं, 'हो, तुटला.' म्हणाला, 'वाईट झालं. वाटाणे घे.'"

"एवढंच?"

"एवढंच. त्यानंतरही चार हिवाळे समोरासमोर बसून जेवलो. एकदा मी पुन्हा जोडी मागितली, आईचं आजारपण होतं, खरोखरचं. तर म्हणाला, 'नको बाबा. तू आता गाडी पकडत जा.' आणि डोळा मारला. मिस टटल, त्याने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला आज इतका चिखल तुडवत यावं लागलं नसतं."

मी त्याला सांगितलं की हा दगड नको. तो म्हणाला, "अहो, पण लिहिलंय ते खोटं आहे का?" मी म्हटलं, "खोटं नाही. पण त्याच्या डोक्याशी तुम्ही ते लिहायचं नाही. त्यात त्याची स्तुती कमी आहे आणि तुमची सुटका जास्त." इतकं तोडून मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. त्याने चित्राची गुंडाळी केली, टोपी घेतली. दारातून वळून म्हणाला, "मर्टनला सांगाल?"

"बघू," मी म्हटलं.

तर सांगितलं.

ऑरिनने तुला हे का लिहिलं नाही, त्याचा मी चार दिवस विचार करते आहे. एक मन म्हणतं, मानी होता, बॅबकॉकने आपल्याला फसवलं हे मुलापुढे कबूल करायला जड गेलं. दुसरं म्हणतं, बॅबकॉकची लबाडी पुढे केली असती तर तुझा प्रश्न आपोआप बाजूला पडला असता. वर बसलेल्या माणसांना त्याने काय दिलं, हा प्रश्न. आणि तो त्याला बाजूला पडू द्यायचा नव्हता. म्हणून तेच विधेयक पुन्हा पुन्हा. पण हा माझा तर्क आहे. मला तो काही बोलला नाही. माझ्यापाशी त्याचं एकही वाक्य नाही जे तुला पाठवता येईल.

हे वाचून तू त्याला माफ करावंस असं मी म्हणत नाही. गिलख्रिस्ट काही परत येत नाहीत. मला स्वतःला सकाळी वाटतं की त्याने बरोबर केलं, आणि दुपारी वाटतं की त्या दिवशी मी त्याच्या बाजूला बसलेली असते तर कोपर मारून त्याला हो म्हणायला लावलं असतं.

आत्या


२१ एप्रिल १९१९

मर्टन,

गावात माझ्यावर नाराजी आहे. फुकटचा, पॉलिशचा, ओकच्या पानांचा दगड नाकारला म्हणजे काय! चर्चच्या शिवणमंडळात मिसेस हॅझन म्हणाली, "लुसिंडा, तुझ्या भावाला जमत नव्हतं घेणं, तुलाही जमत नाही. टटल घराण्याला कुणी काही द्यायलाच नको." मी तिच्या गोधडीची शिवण उसवलेली दाखवली. तेवढंच.

अल्फियस लोखंडी पहार घेऊन जमिनीची परीक्षा करून आला. "वर लोणी, खाली लोखंड," म्हणाला. "मेच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत थांबा, बाई. ऑरिनला कुठे घाई आहे? त्याला कधीच नव्हती."

मी त्याला दुसरंही एक काम सांगितलं. वरच्या कुरणात तो दगड आहे ना, नांगरताना ज्याला तुझे आजोबा वळसा घालायचे, मग ऑरिन घालायचा, मग तू. तो बैल लावून काढायला सांगितला. काल निघाला. खळ्याच्या दारात ठेवला आहे. एक बाजू बरीच सपाट आहे. मला त्यातलं काही समजत नाही. तो कोरायजोगा आहे का, हातोडी आणि साध्या छिन्नीने, पाणी मारत मारत, यंत्राशिवाय, ते तुलाच कळेल.

दुसऱ्या कुणाला तो मी देणार नाही. तू आला नाहीस तर तसाच लावीन. नावाशिवाय.

ही धमकी वाटली तर वाटू दे. गेले तीन महिने तुला काय लिहावं, कसं लिहावं, हे तोलून तोलून मी थकले आहे. ये, मर्टन. त्याच्यासाठी नसेल यायचं तर भांडायला ये. त्याच्याशी भांडायचं राहिलं आहे, ते तिथे उभा राहून भांड. पण त्याला जमिनीत ठेवताना मी एकटी नको.

आत्या


१० मे १९१९, शनिवार

मर्टन,

हे पत्र टपालात टाकत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवते आहे. तुमची गाडी येईल तेव्हा मी दफनभूमीत असेन. अल्फियसला खड्डा दाखवायचा आहे, नाहीतर तो तुझ्या आईच्या उजव्या हाताला खणायचा तो डाव्या हाताला खणेल. दार उघडंच आहे.

तुझं कार्ड मिळालं. "दगडाला कुणी हात लावू नये. हत्यारं घेऊन येतो. एल्सपेथ येते, पण चर्चमध्ये बसणार नाही म्हणते." तिला सांग, चर्चमध्ये काही नाहीच आहे. जे होतं ते जानेवारीत झालं. आज फक्त जमिनीचं काम.

बीन्स भट्टीत आहेत, ब्राउन ब्रेड कपड्याखाली. मुलीसाठी मेपलची साखर वरच्या फळीवर. जिन्यातल्या टोपीला ठेचकाळू नका. मी ती शेवटी हलवलीच नाही.

दगडावर काय कोरायचं ते मला विचारू नकोस. विचारलंस तर मी एक सांगेन, आणि तू अर्धं कोरलंस की दुसरं सांगेन. नाव तेवढं हवं. बाकी तुझं तू बघ. काही लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. गाववाले बोलतील, पण ते तसेही बोलतात.

आता एक राहिलं. काल पुलापाशी बॅबकॉक भेटला. उद्या येऊ का, विचारत होता. मी म्हटलं, दफनभूमी गावाची आहे, पण परवानगी देणारी मी नाही. मर्टनला विचारा. तो म्हणाला, "मर्टन मला फाटकातून हाकलून देईल." मी म्हटलं, "देईल कदाचित." तो म्हणाला, "त्याच्या बायकोसमोर उभं राहायची माझी हिंमत नाही, मिस टटल." मी म्हटलं, "ते मला का सांगताय? तिला सांगा."

येईल असं वाटतं. फाटकाबाहेर उभा राहील, टोपी हातात घेऊन. मी त्याला आत बोलावणार नाही आणि जा म्हणणार नाही. तो तुला विचारेल, किंवा एल्सपेथला. तुमच्यापैकी जो त्याच्याकडे जाईल त्याने त्याला उत्तर द्यायचं. ये म्हणा, नाहीतर चालता हो म्हणा, मला दोन्ही चालेल. पण मान खाली घालून पुढे जाऊ नका. या घरात गप्प बसणं फार झालं, मर्टन. जे म्हणायचं ते मोठ्याने म्हण, मला खड्ड्यापाशी ऐकू येईल असं.

लुसिंडा आत्या